जिभेखालची गोळी

मनुबाई रोज दहा मिनिटं गप्प बसते, ही बातमी आळीत पसरली तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही. बसणार तरी कसा? ही बाई तापात बरळली तरी शेजारणीच्या सुनेचे दोष काढून बरळणार. मासळीबाजारात तिच्या बाजूला बसणाऱ्या बायका दुपारी डोकं धरून घरी जायच्या. आणि तीच मनुबाई सकाळी साडेसातला ओटीवर तोंड घट्ट मिटून बसते म्हणे, हूं की चूं नाही. पलीकडच्या घरातल्या दोघीतिघी चहाचे कप हातात घेऊन मुद्दाम बघायला आल्या. बसली होती खरी.

तिच्या जिभेखाली गोळी होती. गिळायची नाही, चावायची नाही, विरघळेपर्यंत बोलायचं नाही, असं नौपाड्याच्या डॉक्टरीणबाईनं बजावलेलं. समोर सून जागृती मोबाइलवर वेळ लावून पहाऱ्याला बसलेली.

आता ही गोळी कसली, ते कळायला थोडं मागं जायला हवं.

मनुबाई धवलारीण. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या अंगाला जी जुनी गावठाणं आहेत, आता टॉवरांच्या सावलीत गेलेली, तिथं लग्नाला भटजी येतोच, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. हळदीच्या पाटापुढं तांदळाचा चौक ती भरते आणि सगळ्या देवांना गाण्यातून लग्नाचं आवतण देते. देव काय एकदोन नाहीत. गावदेवी, एकवीरा, खंडोबा, विहिरीवरच्या साती आसरा, वेशीवरचा चेडोबा, झालंच तर खाडीत बुडून गेलेली घरची माणसं. एकदा आवतण सुरू झालं की मधे तोडायचं नाही, तोडलं तर उरलेले रुसतात. दोन-अडीच तास मांडी घालून गायचं. मनुबाईनं हे चाळीस वर्षं केलं आणि साठीत तिचे गुडघे तिच्यापेक्षा जास्त बोलायला लागले.

मेडिकलवाल्यानं कॅप्सूल दिली. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, नुसतं "घ्या काकी, आराम पडेल." आराम पडला, खोटं कशाला बोला. गुडघे आहेत हेच ती विसरली, आणि वर जिवाला असं काही हलकं वाटलं की त्या दिवशीच्या लग्नात ती नवरीपेक्षा जास्त हसली. मग दोन लागायला लागल्या, मग चार. दोन वर्षांत दिवसाला बारा. नाही घेतल्या की नाक गळायचं, हाडं मोडून यायची, अंगावर काटा, जांभयांवर जांभया. ती म्हणायची, वय झालं. मेडिकलवाला म्हणायचा, हो ना काकी. एके दिवशी बाजारात कोळंबी निवडता निवडता तिला फिट आली, आणि इस्पितळात सगळं बाहेर पडलं, कॅप्सूल नशेची होती आणि तिला तिची सवय लागली होती.

मुलगा भगवान एमआयडीसीत सुपरवायझर. गावात चारचौघांत उठबस असलेला माणूस. "माझी आई नशेडी?" एवढं म्हणून तो आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. जागृतीशी तर मनुबाईचं चोवीस वर्षांत एक दिवस धड जमलं नव्हतं. कल्याणची, बी. कॉम. झालेली, शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी ही सून मनुबाईच्या मते बोंबील आणि मांदेली यांतला फरक लग्नानंतर शिकली. तीच रजा टाकून सासूला ठाण्याला घेऊन गेली.

नौपाड्यात एका दवाखान्यात संचिता मॅडम बसायच्या. चाळिशीतली, बारीक आवाजाची बाई. त्यांनी आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, आदल्या दिवसापासून कॅप्सूल बंद, त्रास सुरू झाल्यावरच या, कारण ही गोळी त्याआधी दिली तर उलटते. त्यामुळे मनुबाई तिथं पोचली तेव्हा घामानं भिजलेली, पाय झाडत, जगाला शिव्या देत होती. मॅडमनी शिव्या ऐकून घेतल्या. मग म्हणाल्या, "मावशी, तुमचा स्वभाव वाईट नाही, हा आजार आहे. आणि ह्याला औषध आहे."

एवढंच. पण गेले कित्येक दिवस घरात तिला कुणी आजारी म्हटलं नव्हतं. मनुबाईनं शिवी तोंडातल्या तोंडात ठेवली आणि जिभेखाली गोळी घेतली. पाऊण तासानं तिची हाडं निवली. ती इकडंतिकडं बघायला लागली. मग म्हणाली, "मी मेले नाय तं." आणि चहा मागितला.

भगवानला हे पटायला वेळ लागला. "एक सोडून दुसरी गोळी, म्हणजे काय केलंत?" तो म्हणाला. त्याला उत्तर मनुबाईनंच दिलं. "ती कॅप्सूल मना वाहवत न्यायची. हिच्यानं होडी नांगरल्यावानी वाटतं. भरती येते, ओहोटी येते, होडी हलते, पन जागा सोडत नाय. तुला कलत नसंल तर बापाला विचार." बाप, म्हणजे दाजी, बारा वर्षांपूर्वी खाडीत बुडून गेला होता.

महिन्याभरानं मनुबाई दवाखान्यात गेली ती केळीच्या पानात गुंडाळलेला हातभर जिताडा मासा घेऊन. मॅडम निघाल्या शाकाहारी. जिताडा कंपाउंडरच्या घरी गेला आणि मनुबाईचं आभार मानायचं राहून गेलं, ते तिच्या मनाला लागून राहिलं.

पुढं गोळ्या आठवड्याच्या आठवड्याला घरी मिळायला लागल्या, त्या जागृतीच्या ताब्यात. रोज एक द्यायची आणि समोर बसायचं. पहिले काही दिवस जागृती मोबाइल बघत बसली. मग एके दिवशी, खोडी काढायची म्हणून म्हणा की चोवीस वर्षांचा सूड म्हणून, तिनं सासूच्या तोंडावर आवतण म्हणायला सुरुवात केली.

हे म्हणजे फारच झालं. मनुबाईनं धवले, म्हणजे ही लग्नातली गाणी, कुणाला शिकवले नव्हते. शिकायला कुणी येत नाही म्हणून गावभर रडायची आणि जागृतीनं मागं दुसरी ओळ गुणगुणली की "तुझ्या तोंडी नाय शोभत" म्हणून तिच्यावरून आवाज चढवायची. आता तोंडात गोळी. बोलावं तर औषध फुकट. तिनं डोळे वटारले, मान हलवली, आणि जागृती एका देवाला विसरून पुढं गेली तेव्हा राहवेना म्हणून स्वतःच्या मांडीवर सणसणीत थाप मारली. जागृती थांबली, मागं गेली, विसरलेल्या देवाला बोलावून आली. दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि तिसऱ्या दिवशीही.

अकरा महिने असं चाललं. रोज दहा मिनिटं सून गायची आणि सासू मांडीवर थापा मारायची. शेवटी एकच चूक उरली. जागृती साती आसरांवरून थेट वेशीवरच्या चेडोबाला जायची आणि खाडीत गेलेल्यांना विसरायची. मनुबाईनं एकदा गोळी विरघळल्यावर तिला समजावलं होतं. "बुडालेलं मानूस ओलं असतं गो. त्याला आधी घरात घ्यायचं. ताटकलत नाय ठेवायचं." जागृतीनं मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी परत विसरली.

अशात निशाचं लग्न ठरलं. निशा म्हणजे जागृतीची थोरली, मनुबाईची नात, आजीच्या मांडीवर वाढलेली. फिट आल्यापासून मनुबाईनं एकाही लग्नात धवला म्हटला नव्हता. हा तिचा त्यानंतरचा पहिला, आणि तो नातीचा. त्यातून लक्ष्मीआत्या येणार होती. लक्ष्मीआत्या मनुबाईच्या बापाची बहीण, पंच्याऐंशी वर्षांची, कल्याणच्या बाजूची नावाजलेली धवलारीण. मनुबाईला सगळे धवले तिनंच दिले होते, आणि धवल्यांबरोबर एक नेम दिला होता. मांडव उभा राहिला की लग्न लागेपर्यंत धवलारणीनं जिभेखाली काही धरायचं नाही.

मनुबाईनं हा नेम आयुष्यभर पान-तंबाखूच्या बाबतीत पाळला होता. रविवारी दारात मांडव चढला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. किंवा अंधार म्हणा. गोळी कुठं धरतो आपण? जिभेखाली.

आता कुणाला विचारावं ना. डॉक्टरणीला एक फोन, जागृतीला एक शब्द. पण छे. ह्या घरात देवाधर्माचं मला कळतं, सुनेला काय कळतंय, आणि चार दिवसांनी असं काय बिघडतंय. शिवाय गोळीचं कारण लक्ष्मीआत्याला सांगायचं म्हणजे मागचं सगळं सांगणं आलं. तिनं जागृतीसमोर गोळी तोंडात टाकल्यासारखं केलं आणि मुठीत ठेवली. माशांचे वाटे करताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत एखादा बोंबील गायब करणारा हात तो, जागृतीला काय पत्ता लागणार. मनुबाई दहा मिनिटं तोंड मिटून बसली, थापाही मारल्या, आणि गोळी पदराच्या गाठीत गेली. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. गाठीत चार गोळ्या झाल्या.

सोमवारी काही झालं नाही आणि तिला स्वतःचं कौतुक वाटलं. मंगळवारी नाक गळायला लागलं. बुधवार हळदीचा.

बुधवारी दुपारी मांडव भरला होता. निशा पाटावर बसली, मनुबाईनं तिच्यापुढं चौक भरला. शेजारी जागृती, पलीकडे खुर्चीत लक्ष्मीआत्या, काठीवर दोन्ही हात ठेवून. मनुबाईनं आवतण सुरू केलं.

"आवतान देते गो आवतान देते, गावदेवी माऊलीला आवतान देते..."

गावदेवी झाली. एकवीरेला बोलावताना पहिली जांभई आली. खंडोबाला दुसरी. देवाला जेवायला बोलवायचं आणि त्याच्या तोंडावर जांभई द्यायची, असलं कधी झालं नव्हतं. पाठीतून घाम, अंगावर काटा, पायांत अशी ओढ की उठून पळावं. साती आसरांच्या ओळीला आवाज फाटला आणि पुढचा शब्द येईना. तेवढ्यात जागृतीनं तीच ओळ उचलली, जणू हे आधीच ठरलेलं होतं, आणि गाणं तुटलं नाही. मनुबाई भिंतीला धरून आत गेली.

आतल्या खोलीत फळीवर तिची जुनी चंची होती, पानसुपारीची पिशवी. चंचीच्या तळाशी एक पाकीट होतं कॅप्सूलचं. ते तिथं आहे हे ती वर्षभर स्वतःपासूनही लपवत आली होती. तिनं पाकीट काढलं आणि खाली बसली. तीन घेतल्या की अर्ध्या तासात नीट. गिळायच्या तर होत्या, जिभेखाली कुठं धरायच्या होत्या? नेमही मोडत नाही. बाहेर जाऊन ठणठणीत गायचं, निशाचं लग्न पार पाडायचं, लक्ष्मीआत्यापुढं नाक वर राहील. मग परवापासून परत डॉक्टरणीची गोळी. आणि मग आपण परत गोळीकडे येणारच नाही, हेही तिला त्याच क्षणी स्वच्छ कळत होतं. बारा कॅप्सूलवाली मनुबाई तिच्या चांगली ओळखीची होती. ती अशीच परवापासूनच्या गोष्टी करायची.

बाहेर जागृती गात होती. आवाज काही फार गोड नव्हता, पण पक्का होता. साती आसरा संपल्या. आणि सून सरळ चेडोबाच्या ओळीला लागली.

मनुबाईचा हात आपोआप वर गेला आणि मांडीवर आपटला. हातातलं पाकीट उडून जमिनीवर पडलं. थाप भिंतीपलीकडं ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण बाहेर जागृती अर्ध्या ओळीवर अडखळली, श्वास घेतला आणि मागं फिरली.

"खाडीत गेल्या दाजीला आवतान देते, ओल्या अंगानं येशील तर पदरानं पुसते..."

ही दुसरी ओळ मनुबाईनं शिकवलेली नव्हती. ती जागृतीनं स्वतःची घातली होती. मनुबाई जमिनीवर बसून रडली, चांगली हुंदके देऊन रडली. मग पदरानं तोंड पुसलं, कॅप्सूलचं पाकीट उचललं आणि बाहेर आली.

भरल्या मांडवात ती जागृतीच्या शेजारी बसली आणि पाकीट तिच्या ओटीत ठेवलं. मग पदराची गाठ सोडून चार पांढऱ्या गोळ्या तळहातावर धरल्या. जागृतीनं गाता गाता पाहिलं. पाकीट पाहिलं, चार गोळ्या मोजल्या, आणि तिला चारही दिवस कळले. डोळे भरले, पण आवतण तोडता येत नव्हतं. तिनं गातच निशाला खूण केली.

निशाला अजून हळद लागायची होती, हात कोरडे होते. तिनं तिथंच पाटावर बसून दवाखान्यात फोन लावला, हळू आवाजात बोलली आणि आजीकडं वळली. "आजी, कॅप्सूल घेतलीस का? खरं सांग."

"नाय," मनुबाई म्हणाली. "हातात होती. घेतली नाय."

निशानं ते फोनवर सांगितलं, ऐकलं आणि म्हणाली, "मग एक आत्ता घे. रोजचीच. आणि शुक्रवारी दवाखान्यात ये. मॅडम म्हणाल्या, रागावणार नाही."

मनुबाईनं लक्ष्मीआत्याकडं पाहिलं. आत्याचे डोळे अधू असतील, पण इतकेही नाहीत.

"आत्या, मना ह्या कॅप्सूलांचं व्यसन लागलं व्हतं," मनुबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आवाज खाली ठेवला होता. "ही गोली त्याच्यावरची. जिभेखाली धरावी लागते. तुझा नेम मोडते मी."

आणि तिनं गोळी जिभेखाली ठेवून तोंड मिटलं. आता आत्या काय वाट्टेल ते बोलो, उत्तर देता येणार नव्हतं.

लक्ष्मीआत्या काठी टेकत खुर्चीत पुढं सरकली. मग मनुबाईकडं वाकली. "तो नेम कुठून आला ते तुना कधी सांगितलंच नाय मी. माझी सासू धवलारीन. तिला अफूची सवय व्हती. जिभेखाली अफूची गोली ठेवून गायची. एका लग्नात खंडोबाला आवतान देता देता तिथंच पेंगली ती. लोक हसले. नवरीचा बाप रडला. नंतर तिनंच मना जवल बसवून शपथ घातली, जिभेखाली काय धरू नको म्हनून. तिच्यावर तेव्हा असली कुठली गोली नव्हती, मनू. असती तर ती अजून दहा वरसं गायली असती." आत्यानं आपला सुरकुतलेला हात मनुबाईच्या गुडघ्यावर ठेवला. "तू धर. विरघलू दे नीट."

मनुबाई तोंड मिटून बसली होती, म्हणून फक्त डोळ्यांतून पाणी आलं. ती मांडीवर ठेका धरून बसली. चुकीसाठी थाप मारायची वेळ पुन्हा आली नाही.

दहा मिनिटं झाली, जिभेखालचा शेवटचा कण गेला. अर्ध्या तासानं जांभया थांबल्या, पायांतली ओढ सैल झाली. बायका मनुबाईकडं बघत होत्या, आता ती गाणं परत हातात घेणार. तिनं नुसतं जागृतीकडं बोट केलं. आवतण जागृतीनंच शेवटाला नेलं.

शेवटी एक रीत असते. सगळे देव झाले की ज्याचं नाव राहून गेलं असेल त्याला बोलवायचं. तिथं जागृती थांबली आणि सासूकडं पाहिलं. मनुबाईनं घसा खाकरला.

"आवतान देते गो आवतान देते, नौपाड्याच्या डाक्टरीनबाईला आवतान देते. मासली ती खात नाय, गोड भात मी करते, माझा जीव राखला तिला आवतान देते."

मांडवात हशा पिकला. भगवान खांबाला टेकून उभा होता, तो हसता हसता पाठमोरा झाला. मनुबाई हसली नाही, ती पुढची ओळ म्हणत होती.

"आवतान देते गो आवतान देते, दहा मिंटं राखनीला बसली तिला आवतान देते. घरच्याला आवतान नसतं, तरी मी देते, माझ्या मागं गानार तिला आवतान देते."

धवलारणीची ओळ शेजारणीनं पुन्हा म्हणायची असते. जागृतीचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. निशाच्या पाटापुढचे तांदूळ बघत ती नुसती बसून राहिली.

ओळ चुकली होती. मनुबाईचा हात सवयीनं मांडीवर आपटायला वर गेला, आणि सुनेच्या पाठीवर उतरला.

"राहू दे गो," ती म्हणाली. "तू रोज माझ्यासाठी म्हनलीस. आता तुझी ओळ मी म्हनते."

आणि तिनं ती ओळ पुन्हा म्हटली, सावकाश, एकही शब्द न खाता.